कुंदाताईंचं बेट

नव्या शेजाऱ्याचं स्वागत करायच्या रीती असतात. कुणी चहाला बोलावतं, कुणी केक आणून देतं, आणि इंग्लंडात बहुतेक जण पडद्याआडून बघून गप्प बसतात. कुंदाताईंनी आमची बेल वाजवली, मी दार उघडलं, आणि नाव-गाव न विचारता त्या म्हणाल्या, "बॉयलरजवळ अलार्म आहे का गं? त्यातनं विषारी गॅस सुटला तर वास येत नाही. माणूस झोपेतच जातं."

बर्मिंगहॅममधला आमचा तो पहिलाच आठवडा. घरात खोक्यांचा डोंगर होता, नवरा ऑफिसात होता. मी पुण्याची. सल्ले द्यायची आम्हाला सवय, घ्यायची नाही. मी जरा ताठपणानंच म्हटलं, "घरमालकांनी सगळं तपासलंय."

"त्यानं तपासलंय. तू तपासलंयस का?"

असं म्हणत त्या आत शिरल्यासुद्धा. खुर्ची ओढली, वर चढल्या, बटण दाबलं. अलार्म मुका. आत बॅटरीच नव्हती. अर्ध्या तासात त्या परत आल्या, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात झुणका-भाकरीचा डबा. बॅटरी बसवून, कर्कश अलार्म दोनदा वाजवून खात्री करून झाल्यावर डबा माझ्याकडे देत म्हणाल्या, "आता जेव बिनघोर."

कुंदाताई मूळच्या कोल्हापूर भागातल्या, शिकल्या मिरजेला, आणि बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. नवरा, अण्णा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. उंची बेताची, केस बारीक कापलेले, पंजाबी ड्रेसवर बाराही महिने कार्डिगन, आणि त्या कार्डिगनला नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ. निवृत्तीनंतरही ते उतरलं नव्हतं. बोलता बोलता त्या समोरच्याचं मनगट असं सहज धरायच्या, आणि आपल्याला वाटायचं किती माया! माया होतीच, पण त्या नाडी बघत असायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी परतीचं बघा." तुम्ही सिनेमाला निघा, वुल्व्हरहॅम्प्टनला कुणाच्या बारशाला निघा, नाही तर महिनाभर भारतात निघा, कुंदाताईंचा पहिला प्रश्न परतीचा. मला या वाक्याचा वैताग यायचा. एकदा आम्ही लंडनमध्ये ईलिंगला गणपतीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. आरती सुरू झाली तरी बाई हॉलच्या बाहेर, रस्त्यापलीकडचा बसस्टॉप बघून येत होत्या. प्रसादालाच आत आल्या. मी म्हटलं, "कुंदाताई, देवाला तोंड तरी दाखवा." आणि कार्यक्रम संपला तेव्हा पुढचा रस्ता कशासाठी तरी बंद झालेला, टॅक्सी मिळेना, मंडळी साड्या सावरत फुटपाथवर उभी. मग कुंदाताई पुढे आणि अख्खं बर्मिंगहॅम मंडळ मागे, अशी वरात त्यांनी मागच्या गल्लीतून थेट स्टॉपवर नेली. त्यांची काळजी खरी ठरायची, हाच तर त्यातला मोठा त्रास.

दुसरी गोष्ट हँडओव्हरची. वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला पेशंटजवळ उभं राहून एकेकाची हकिकत सांगते. येणारीनं "घेतलं" म्हटल्याशिवाय जाणारीनं जागा सोडायची नाही, हा कुंदाताईंचा कायदा. एकदा बर्फामुळे दुपारच्या पाळीची बाई आलीच नाही, तर सकाळची पाळी करून थकलेल्या कुंदाताईंनी कुणी सांगायची वाट न बघता दुपारचीही पाळी केली, असं त्यांची वॉर्डातली मैत्रीण पर्ल सांगायची. तोच कायदा त्यांनी घराला लावला होता. दर हिवाळ्यात भारतात जाताना त्या मला घराचा हँडओव्हर द्यायच्या. बॉयलर, कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनचे वार, खिडकीतली तुळस. शेवटी म्हणायच्या, "माझ्याकडून पूर्ण."

"हो, ठीक आहे," मी म्हणायची.

"हो नाही. घेतलं म्हण. हो काय, माणूस झोपेतही म्हणतं."

"घेतलं, बाई, घेतलं!"

मग कुठे त्या उंबरा ओलांडायच्या.

मिरजेच्या नर्सिंगच्या हॉस्टेलात एका खोलीत चौघी होत्या. कुंदाताई, मिरजेचीच मेरी, जी लग्न होऊन इंग्लंडातच वॉटफर्डला आली, सुधा, जी न्यू जर्सीला गेली, आणि लीला, जी कुठेच गेली नाही. लीलाताईंनी लग्न केलं नाही. कोल्हापुरात सरकारी नोकरी केली, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. कुंदाताईंच्या बोलण्यात सगळ्यात जास्त नाव त्यांचंच.

या लीलाताईंना इंग्लंडनं दोनदा व्हिसा नाकारला होता. पहिल्यांदा अण्णा गेले तेव्हा, मैत्रिणीजवळ चार दिवस राहायला यायचं होतं तेव्हा. दुसऱ्यांदा कुंदाताईंच्या निवृत्तीला. कारण दोन्ही वेळी एकच. नवरा नाही, मूल नाही, स्वतःचं घर नाही, तेव्हा ही बाई परत जाईल याची खात्री वाटत नाही. कुंदाताई हे सांगताना अजून लाल व्हायच्या. "जन्मभर लोकांना बरं करून घरी पाठवणारी बाई, ती म्हणे स्वतः घरी जायची नाही!"

तीन हिवाळ्यांपूर्वी लीलाताईंचा कॅन्सर उलटला. डॉक्टरांनी सांगितलं, उपचारांना महिनाभराची सुट्टी देता येईल, तेवढ्यात कुठे जायचं ते जाऊन घ्या, पुढचं सांगता येत नाही. कुंदाताई लगेच कोल्हापूरला निघाल्या होत्या, तर लीलाताईंनी फोनवर साफ नाही म्हटलं. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच भाजी निवडत होते.

"माझ्या उशाशी रांग लावून बसायला येऊ नका. मला भेटायला यायचं नाही, मला घेऊन जायचं. दोनदा दारातनं परत लावलंय मला. आता जिथं मला नको म्हणत नाहीत, तिथं भेटायचं चौघींनी."

"कुठं जायचं मग, बाई?"

"तुझ्या वॉर्डातल्या त्या कॅरिबियनच्या बायका समुद्राच्या गोष्टी सांगायच्या नव्हं? तू पत्रातनं लिहायचीस. तो समुद्र दाखव की मला, कुंदे."

झालं. त्या दिवसापासून कुंदाताईंची झोप गेली, आणि त्यांच्याबरोबर माझीही. कॅरिबियन म्हणजे एक बेट नव्हे, बेटांचं गणगोत. त्यातलं कुठलं, हा प्रश्न. लोक बेट निवडतात ते वाळूचा रंग बघून. कुंदाताईंची पहिली अट, लीलाला भारताच्या पासपोर्टवर, व्हिसाशिवाय आत घेतलं पाहिजे. दुसरी, वाटेत जिथं विमान बदलायचं त्यांनीही व्हिसा मागता कामा नये. तिसरी, हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. तिसरा नकार आता लीलाताईंना सोसवणार नाही, आणि चौथ्यांदा विचारायला त्या असणार नाहीत, हे कुंदाताईंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी तशा केसेस जन्मभर पाहिल्या होत्या.

एका रविवारी त्यांनी पर्ल आणि इव्होनला जेवायला बोलावलं. दोघी निवृत्त नर्स. पर्ल बार्बाडोसची, इव्होन जमैकाची. मटणाचा तांबडा रस्सा केला होता. मी लॅपटॉप घेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर. दोघींचं इंग्रजी गाण्यासारखं, आणि दोघींना आपापल्या बेटापुढे बाकीची बेटं म्हणजे डबकी.

"जमैकाला डोंगर आहेत, नद्या आहेत," इव्होन म्हणाली. "पर्लचं बेट काय, पोळपाट! एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं."

"म्हणूनच कुणी हरवत नाही," पर्ल म्हणाली.

कुंदाताईंनी दोघींच्या वाटीत रस्सा वाढला आणि विचारलं, "कॅन्सरचा डॉक्टर रविवारी असतो का?"

इव्होननं चमचा खाली ठेवला. "कुंदा, तू सुट्टीला चालली आहेस की तपासणीला?"

मी हसले. कुंदाताई हसल्या नाहीत. मग एकेक बेट गळत गेलं. एक फार देखणं होतं, पण ते फ्रान्सचं, पॅरिसइतकाच व्हिसा मागणारं. एकावर मोठ्या आजाराला बोटीनं शेजारच्या बेटावर नेतात. एकावर छोट्या विमानानं जावं लागतं, आणि छोट्या विमानाचं नाव काढताच कुंदाताईंनी माझ्या मनगटाऐवजी स्वतःचं धरलं. जमैकाला भारतातून जायच्या ज्या वाटा मला सापडल्या, त्या सगळ्या नेमक्या नको त्या देशांतून. "म्हणजे माझं बेट नापास?" इव्होन खरंच दुखावली. बार्बाडोसला मात्र व्हिसा नको, आणि ॲमस्टरडॅमला विमान बदलता येत होतं. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिथंही व्हिसा नको. तरी कुंदाताईंची मान हलेना.

पर्ल सहज म्हणाली, "माझी बहीण ग्लेंडा तिथंच आहे. तीस वर्षं नर्स होती. एअरपोर्टवर येईल ती."

"वॉर्डात होती?"

"वॉर्डात."

कुंदाताईंनी श्वास सोडला. "म्हणजे तिकडून घ्यायला माणूस आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. बेट ठरलं ते असं. पांढरी वाळू, निळं पाणी यांची चौकशी कुणीच केली नाही.

आता उरली सोबत. आपल्याकडे वयस्क माणूस एकटं परदेशी निघालं की मुलंबाळं त्या विमानात कुणी मराठी आहे का ते आधी शोधतात. कुंदाताईंनी सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर विचारणा केली, "मुंबई ते ॲमस्टरडॅम सोबत हवी, बाई शांत आहेत." लीलाताईंनी ती कुणाकडून तरी वाचली आणि फोन केला, "मी शांत कधीपासनं झाले गं?" पुण्याचे साठे पती-पत्नी मिळाले, मुलीकडे हॉलंडला निघालेले. ॲमस्टरडॅमला मेरीताई वॉटफर्डहून येऊन लीलाताईंना ताब्यात घेणार आणि पुढे नेणार. सुधाताई न्यू यॉर्कहून परस्पर. आणि कुंदाताई एक विमान आधी, लंडनहून थेट. "तिथल्या ऑफिसरनं लीलाला अडवलं, तर दाराबाहेर मी आधीपासून उभी पाहिजे."

परतीला मेरीताई ॲमस्टरडॅमपर्यंत होत्या. तिथून मुंबईपर्यंत कुणी मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "आधी परतीचं बघा म्हणणाऱ्या तुम्ही, आणि लीलाताईंच्या परतीला सोबत नाही?"

"बघू," कुंदाताई म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मला वाटलं, दमल्या असतील.

विमान दुसऱ्या दिवशीचं, पण त्या आदल्या दिवशीच लंडनच्या बसनं निघाल्या; मीच त्यांना कोच स्टेशनवर सोडलं. घराचा हँडओव्हर दिला, शिवाय वर आणखी एक, "माझं विमान हवेत असेल तेव्हा लीला तुझ्याकडे." मी घेतलं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंगमध्ये बसले असताना मेरीताईंचा फोन आला.

"रश्मी, लीला आली नाही."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये पळाले. मुंबईचं विमान कधीच उतरलं होतं. पुढच्या विमानाचं गेट उघडायची वेळ होत आलेली, मेरीताई गेटवर उभ्या, आणि लीलाताईंचा पत्ता नाही. साठ्यांचा फोन बंद. कुठे पडल्या असतील का, कुठल्या खिडकीशी कुणी अडवून प्रश्न विचारत असेल का. मी मेरीताईंना म्हटलं, "तुम्ही जाऊन शोधा ना."

"कशी जाऊ गं? कुंदानं बजावलंय, लीला येईपर्यंत गेटवरनं हलायचं नाही. मी इकडं गेले आणि ती आली तर?"

मी साठ्यांना पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. माझा साहेब काचेतून बघत होता. त्याला वाटलं असेल, हिच्या घरी कुणी गेलं. शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बारीक, पण ठणठणीत.

"रश्मी नव्हं? मी लीला. व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोरीचा फोन घेतलाय. हे साठे मला सोडंनात. ती बिचारी दोनदा न्यायला आली, ह्यांनी खुर्चीच धरून ठेवलीय."

मागून साठ्यांचा आवाज, "सांगा त्यांना, कुंदाताईंनी सांगितलंय, मेरी येऊन 'घेतलं' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही! ही मुलगी नुसती 'ओके' म्हणते!"

विमानातून उतरले तिथंच ते तिघे बसून होते. एका टोकाला मेरीताई हलत नव्हत्या, दुसऱ्या टोकाला साठे. जिनं सगळ्या जगाची काळजी वाहिली तिनंच दोघांना खिळे ठोकून ठेवले होते, आणि खिळे उपटायला ती स्वतः ढगांत. मी साठ्यांना म्हटलं, "काका, या क्षणी लीलाताई माझ्या ताब्यात आहेत. कुंदाताईंनी मला दिल्यात. मी सांगते, हला." ते ऐकेनात. मी अक्षरशः ओरडले. मग खुर्ची हलली. फोन मी बंद करू दिला नाही. चाकांचा आवाज, घोषणा, साठ्यांची धाप, आणि अखेर मेरीताईंचा रडवेला आवाज ऐकू आला, "घेतलं! घेतलं बाई!" मी कॉरिडॉरमध्ये खाली फरशीवर बसले.

रात्री कुंदाताईंचा फोन आला. नंबर बघूनच मला वाटलं, अडवलं. मग म्हणाल्या, "शिक्का मारला गं. विचारलंसुद्धा नाही काही. वेलकम म्हणाला तिला." आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. अण्णांच्या आठवणी सांगतानासुद्धा नाही.

तिथला एक फोटो माझ्याकडे आहे. चौघी गुडघाभर पाण्यात, सलवारी वर खोचलेल्या. लीलाताई मधे, डोक्याला रुमाल, तोंड उघडं टाकून हसतायत. तिघी समुद्राकडे बघतायत आणि कुंदाताई एकट्या किनाऱ्याकडे, वाळूतल्या चपलांवर लक्ष ठेवून.

परतायच्या दिवशी मी त्यांचं हीटिंग लावलं, फ्रीजमध्ये दूध ठेवलं. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन.

"सोबत मिळाली नाही गं."

"मग?"

"मग काय. मीच."

मला राग आला. खरंच आला. न सांगता जायचं म्हणजे काय! मी विचारलं, "परत कधी?"

"कोल्हापुरात तिचा हँडओव्हर घ्यायला कुणी नाही, रश्मी. पुतण्या आहे, चांगला आहे. पण तो 'हो हो' म्हणतो. 'घेतलं' म्हणत नाही."

लीलाताई पावसाळा संपता संपता गेल्या. परत जाईल याची ज्यांच्याबद्दल सरकारला खात्री नव्हती, त्या दहा दिवसांत परत गेल्या होत्या. कुंदाताईंना 'परत जाल ना' असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या लीलाताईंच्या त्या दोन खोल्यांतच राहिल्या. पुढे मेरीताईंनी येऊन त्यांचं इथलं घर विकलं. तुळस माझ्या खिडकीत आली. आणि गेल्या थंडीत, एका दुपारी, कोल्हापुरातच, कुंदाताई गेल्या. लीलाताईंच्या पुतण्यानं फोन करून सांगितलं, "मावशींनी तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं." मी पर्लला सांगायला गेले. तिनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता किटली ठेवली.

मला त्या आठवतात त्या कोच स्टेशनवरच्या. सकाळची वेळ, पाऊस भुरभुरणारा. दहा दिवसांच्या समुद्राला निघालेल्या बाईची बॅग मला उचलेना. पासपोर्टच्या पिशवीत त्यांचं भारतात जायला लागणारं ओसीआय कार्ड दिसलं. मी म्हटलं, "बार्बाडोसला हे कशाला?"

"असू दे की."

मग हँडओव्हर सुरू झाला. नेहमीपेक्षा लांबला. बॉयलर, बिन, तुळस. तुळशीला थंडीत पाणी बेतानं. पर्लला गुडघ्याचं विचारत जा, ती आपणहून सांगत नाही. अण्णांचा फोटो उन्हात ठेवू नकोस. तुमच्या अलार्मची बॅटरी बदलायला आलीय. ड्रायव्हरनं हाक मारली, मागे माणसं खोळंबली, आणि कुंदाताई एक पाय पायरीवर ठेवून तशाच उभ्या.

"माझ्याकडून पूर्ण," त्या म्हणाल्या.

"अहो, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. चढा आता."

त्या चढल्या नाहीत. पायरीवरचा पाय तसाच, माझं मनगट त्यांच्या हातात.

"घेतलं म्हण."

"घेतलं," मी हसत म्हटलं.

त्यांनी मनगट सोडलं आणि वर चढल्या.